रादुलचा पुतळा, नायदेनचा चेहरा

सुहोब्रोदच्या चौकात जो दगडी पुतळा उभा होता तो रादुल चाकरोवचा. खाली त्याचं नाव कोरलेलं होतं, जन्ममृत्यूची सालं होती, आणि 'जनतेसाठी प्राण दिले' अशी एक ओळ होती. चेहरा मात्र त्याच्या धाकट्या भावाचा, नायदेनचा होता. आणि नायदेन तर रोज सकाळी औषधांची पेटी घेऊन त्याच चौकातून गुरांच्या गोठ्यांकडे जायचा.

यात कुणाची लबाडी नव्हती. रादुल रानात पळून बंडखोरांना मिळाला, तेव्हा पोलिसांनी चाकरोवांचं घर पेटवलं. घरात त्याचे होते नव्हते ते तीन फोटो होते, तेही गेले. पुढे राज्य उलटलं, रादुल सैन्याबरोबर महायुद्धात हंगेरीत गेला आणि पंचेचाळीसच्या मार्चमध्ये द्रावा नदीकाठी मेला. त्यानंतर तेरा वर्षांनी सत्तेवरच्या कम्युनिस्ट पक्षाला त्याचा पुतळा हवासा वाटला. शहरातून शिल्पकार आला, चाकरोवांच्या स्वयंपाकघरात बसून दोन पेले राकिया प्याला आणि त्याने फोटो मागितला. फोटो कुठून आणणार? मग त्याची नजर लष्करातून नुकत्याच सुटून आलेल्या धाकट्यावर गेली. नायदेन तेव्हा बावीस वर्षांचा होता. रादुलही मेला तेव्हा बावीसचाच होता.

"सख्खा भाऊ ना? मग झालं. नाक काय वेगळं असणार आहे," शिल्पकार म्हणाला.

चार दिवस नायदेन शाळेच्या अडगळीच्या खोलीत स्टुलावर बसला. दूर क्षितिजाकडे बघ, असं त्याला सांगितलं होतं. तो समोरच्या भिंतीवरच्या ओलीकडे बघत राहिला आणि जेवायला काय असेल याचा विचार करत राहिला. पुतळ्याच्या डोळ्यांत जे उदात्त भाव लोकांना दिसायचे, ते घेवड्याच्या रश्श्याचे होते.

गावाला चेष्टेला विषय मिळाला. "नायदेन, तुझ्या डोक्यावर कबुतर बसलंय, हाकल की." त्याची बायको कुना म्हणायची, "दगडातलाच बरा. जेवताना पेपरात तोंड खुपसत नाही." शिवाय आमच्याकडे माणूस गेला की काळ्या चौकटीत त्याचा फोटो आणि चार ओळी छापून दारावर, खांबांवर, बसथांब्यावर लावतात. चाळीस दिवसांनी लावतात, वर्षाने लावतात, आणि आई जिवंत असेल तर दरवर्षी लावतात. रादुलच्या कागदावर पुतळ्याचा फोटो छापत. म्हणजे दर मार्चमध्ये नायदेन आपल्याच दारावर आपलंच निधन वाचायचा. एका वर्षी जिल्ह्याहून नवा अधिकारी गोठे तपासायला आला. बसमधून उतरला, थांब्यावरचा कागद त्याने नीट वाचला, आणि वळून बघतो तर तोच माणूस हात पुढे करून स्वागताला उभा. अधिकाऱ्याने घाबरून छातीवर क्रूसाची खूण केली. तो पक्षाचा सभासद होता, त्यामुळे ही गोष्ट गावाने पुढची दहा वर्षं पुरवून पुरवून सांगितली.

नायदेनही हसायचा. पण एका गोष्टीचं त्याला कधी हसू आलं नाही. ती गोष्ट म्हणजे त्याची आई.

रादुलला थडगं नव्हतं. कुठे पुरलं ते हंगेरीतून कुणी कळवलं नाही. म्हणून आई, गावाची स्ताना आजी, दर रविवारी फुलं घेऊन पुतळ्यापाशी जायची. वर्षातून जे आत्म्यांचे शनिवार येतात, त्या दिवशी लोक स्मशानात जाऊन थडग्यावर वाईन ओततात आणि मेलेल्याच्या नावाने शिजवलेला गहू वाटतात. स्ताना ते सगळं चौकात करायची. गहू घेणाऱ्याने एक घास खायचा आणि म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." सगळं गाव म्हणायचं. पक्षाचे लोकसुद्धा इकडेतिकडे बघून हळूच म्हणायचे. मग स्ताना पुतळ्यासमोर उभी राहून किती तरी वेळ पुटपुटत असे आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसत असे. नायदेन पोस्टाच्या पायरीपाशी थांबायचा. आई आपल्या तोंडाकडे बघत दुसऱ्यासाठी रडते आहे, हे त्याला जवळून बघवत नसे. आपल्याकडे ती कधी एवढा वेळ बघत नाही, असं एकदा तो कुनाला बोलून गेला. मेलेल्या भावाचा मत्सर वाटतो म्हणून त्याला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटूनही तो मत्सर काही जायचा नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती त्याने कुनालाही सांगितली नव्हती.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात राज्य उलटलं आणि रादुल चार सोबत्यांसह रानातून खाली आला. त्यांच्या तुकडीतली दोन पोरं आदल्या हिवाळ्यात एका मेंढवाड्यात सापडून मारली गेली होती. त्यांचा ठावठिकाणा मानोल मास्तरने दिला असा संशय होता. खरं खोटं देव जाणे. सतरा तारखेला, रविवारी, रादुलने आठ वर्षांच्या नायदेनला जवळ बोलावलं. "मास्तरांकडे जा. म्हणावं, एक छोटीशी चौकशी आहे, पाच मिनिटं या." मास्तर नायदेनचा वर्गशिक्षक होता. पोराला बघून त्याला शंका आली नाही. त्याच्या बायकोचा, नादेझ्दाचा, त्या दिवशी तिच्या नावाच्या संताचा सण होता, टेबलाभोवती पाहुणे होते. दार त्याच्या सहा वर्षांच्या मुलीने, वेलिकाने उघडलं. नादेझ्दाने निरोप्याच्या हातावर बानित्साचा गरम तुकडा ठेवला. मास्तर म्हणाला, "माझं ताट झाकून ठेव." आणि घरातल्या सपातांवरच निघाला. नायदेन त्याच्या शेजारून चीजने भरलेली ती बानित्सा खात चालला होता.

गिरणीपाशी गावचा सरपंचही धरून आणलेला होता. रादुल नायदेनला म्हणाला, "घरी पळ." तो पळाला नाही. द्राक्षमळ्याच्या कडेने लपत लपत तो जुन्या चुन्याच्या भट्टीपर्यंत गेला आणि त्याने सगळं पाहिलं. सरपंच ओरडत होता. मास्तरने चष्मा काढला, घडी करून वरच्या खिशात ठेवला. मग आवाज झाले. नायदेन घरी आला आणि मक्याच्या कणसांच्या ढिगात शिरून बसला. उरलेली बानित्सा खिशातच राहिली होती. त्या दिवसापासून तो याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता.

दोन्ही पोरं मोठी झाली. नायदेनला वीराचा भाऊ म्हणून पशुवैद्यकाच्या शाळेत परीक्षेविना जागा मिळाली. वेलिकाला शिक्षिका व्हायचं होतं, पण जनतेच्या शत्रूच्या मुलीला कोण शिकवतो? ती सहकारी गोठ्यात धारा काढायला लागली. तीस वर्षं दोघांनी एकाच गोठ्यात काम केलं. आडव्या आलेल्या वासरांना दोघांनी मिळून ओढून बाहेर काढलं. ती त्याला 'डॉक्टर' म्हणायची, 'तुम्ही' म्हणायची, आणि कॉफीच्या वेळी उठून बाहेर जायची. तिचं घर होतं रादुल चाकरोव रस्त्यावर. मास्तरांबद्दल सरकारी कागदावर 'बेपत्ता' एवढाच शब्द होता.

ब्याण्णव साली हे सगळं वर आलं. पक्षाची सत्ता गेली होती, गावात निळ्या झेंड्याच्या लोकशाहीवाद्यांचं पंचमंडळ आलं होतं आणि त्याचा अध्यक्ष होता इस्क्रेन नावाचा तरुण शेतीतज्ज्ञ. ऑक्टोबरात त्याने रस्त्यांची नावं बदलायला वाचनालयाच्या दालनात सभा बोलावली. एवढी गर्दी त्या दालनाने कधी नाटकालाही पाहिली नव्हती.

लेनिनचा रस्ता पाच मिनिटांत निकालात निघाला. त्याची बाजू घ्यायला कुणी उभं राहिलं नाही, कारण लेनिन गावात कुणाचा नातेवाईक नव्हता. त्या रस्त्याला लोकशाहीचं नाव द्या, असं कुणी तरी सुचवलं.

"तिथे गुडघाभर चिखल आहे," मागून आवाज आला. "नवी नवरी घरात आली नाही तोवर तिला चिखलात कशाला घालता?"

हशा झाला. मग इस्क्रेनने रादुलचं नाव वाचलं आणि हशा थांबला.

एका हाताचा म्हातारा वुल्को उठला. "मार्चमधलं द्रावेचं पाणी तुम्हाला ठाऊक नाही. माझा हात गेला होता आणि मी बुडत होतो. रादुलने मला केसाला धरून बाहेर काढलं, परत दुसऱ्याला काढायला गेला आणि राहिला तिकडेच. मी इथे उभा आहे तो त्याच्यामुळे. त्याचं नाव पुसायचं असेल तर आधी मला पुसा."

दालनात कुजबूज झाली. म्हातारा खोटं बोलत नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा वेलिका उठली.

"वुल्को काका, तुम्हाला त्याने वाचवलं हे खरंच आहे. माझ्या वडिलांना जेवत्या ताटावरून उठवून नेलं हेही खरं आहे. इतकी वर्षं मी पत्रावर माझा पत्ता लिहिताना त्याचं नाव लिहिते. पण आता सवय झाली. रस्त्याला काय नाव द्यायचं ते द्या."

"मास्तरने दोन पोरं पकडून दिली होती," वुल्को खाली बघत म्हणाला.

"दिली असतील. मग खटला भरायचा होता. मी तुमच्याकडे निवाडा मागत नाही, काका. मला फक्त एवढं सांगा, माझे वडील मेलेत का?"

तिने एकेका रांगेकडे बघितलं.

"कुठे आणि कोणत्या दिवशी, एवढंच. माझ्या आईने त्यांच्या नावाने कधी गहू शिजवला नाही. जिवंत माणसाचा गहू शिजवत नाहीत. ती फाटकाला कडी लावायची नाही, रात्री येतील म्हणून. ती गेली तरी मी अजून कडी लावत नाही. कुणाला काही ठाऊक असेल तर सांगा, म्हणजे मी गहू शिजवीन. पुतळा राहू दे नाही तर जाऊ दे."

ज्यांना ठाऊक होतं ते सगळे मेले होते, असं गाव समजत होतं. रादुलच्या चार सोबत्यांतला शेवटचा पाच वर्षांपूर्वी गेला होता. नायदेन तिसऱ्या रांगेत बसला होता.

इस्क्रेनने घसा साफ केला. तो म्हणाला, रस्त्याचं काय ते पंच ठरवतील, पण पुतळ्याला घरच्यांनी थडगं मानलंय. डॉक्टरांनी सही दिली तर तो गाजावाजा न करता उतरवू. नाही तर मतदान घ्यावं लागेल, आणि मग गावात डोकी फुटतील. सगळ्यांनी नायदेनकडे बघितलं. काहींनी सवयीने खिडकीतून पुतळ्याकडेही बघितलं.

"आईला विचारतो," नायदेन म्हणाला.

घरी कुना म्हणाली, "सही करून टाक. मला एक नवरा पुरे आहे."

"आणि आई कुठे जाईल? तिला रडायला दुसरी जागा नाही."

कुनाला वाटलं, प्रश्न तेवढाच आहे. नायदेन मात्र तीन आठवडे जेवला नाही की झोपला नाही धड. सही दिली तर आईचं थडगं जाणार होतं. वेलिकाला सांगितलं तर त्याहून जास्त जाणार होतं. म्हातारीने चौतीस वर्षं ज्याला फुलं वाहिली त्याने काय केलं, हे तिला शहाऐंशीव्या वर्षी धाकट्याच्या तोंडून ऐकावं लागलं असतं. आणि नाही सांगितलं तर वेलिकाचं फाटक तसंच उघडं राहणार होतं.

नोव्हेंबरात आत्म्यांचा शनिवार आला. चौकात धुकं होतं. स्तानाने गहू वाटला, लोकांनी 'देव क्षमा करो' म्हटलं आणि ते पांगले. ती एकटी पुतळ्यासमोर उभी राहिली. सहीबद्दल आज बोलायलाच हवं, असं ठरवून नायदेन पोस्टाच्या पायरीवरून उतरला आणि जन्मात पहिल्यांदा या वेळी चौक ओलांडून तिच्या मागे जाऊन उभा राहिला. तिला आताशा कमी ऐकू यायचं. तिचं पुटपुटणं चालूच होतं.

"पाच धटिंगण होतात तुम्ही. कुणीही गेला असता. ते लेकरू कशाला पाठवलंस, मेल्या? आठ वर्षांचं पोर. त्याला कशाला रक्ताने हात भरायला लावलेस?"

नायदेनने तिच्या खांद्याला हात लावला. "आई."

ती वळली. दचकली नाही. "ऐकलंस होय," ती म्हणाली.

"तू दर वेळी हे बोलतेस?"

"दुसरं काय बोलू? पुतळा बसल्यापासून विचारते आहे. उत्तर देत नाही. जिवंत होता तेव्हा तरी कुठे द्यायचा."

"मला वाटायचं, तू त्याच्यासाठी रडतेस."

"रडतेच की. पोटचा आहे. पण रडता रडता जाबही विचारते."

"तुला कसं कळलं?"

"तुझ्या खिशात बानित्सा सापडली. एवढं लोणी नादेझ्दाशिवाय कुणी घालत नव्हतं. आणि आठवडाभर तू झोपेत मास्तर, मास्तर करत होतास, चष्मा, चष्मा करत होतास." तिने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. "तू पाहिलंस, हे मला तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू बोलला नाहीस. म्हटलं, विसरला असेल पोरगा. विसरलेल्याला कशाला आठवण द्यायची?"

आणि तो, आईला ठाऊक नाही म्हणून गप्प होता. एका घरात, एका टेबलावर, एकमेकांना जपत दोघांनी सगळा जन्म काढला होता. नायदेनला रडू फुटलं. छप्पन्न वर्षांचा जाडजूड माणूस भर चौकात स्वतःच्या पुतळ्याखाली उभा राहून हुंदके देत होता. धुकं होतं म्हणून बरं.

"आणि हे तोंड माझं आहे, त्याचं काय?" जरा वेळाने त्याने विचारलं.

"ते मला दिसत नाही होय? म्हणून तर इथे यायचे. तुझ्याकडे बघून त्याला विचारायचं, म्हणजे त्याला लाज वाटेल." तिने रिकामं भांडं त्याच्या हातात दिलं. "सही कर. आणि वेलिकाला सांगून ये. जागा मला ठाऊक नाही, तुला आहे."

"तू कुठे जाशील मग?"

"घरी बसेन. तुझ्याकडे बघेन."

रविवारी तो वेलिकाकडे गेला. ती अंगणात बसून हिवाळ्याच्या पिंपासाठी कोबी चिरत होती. तो उभ्यानेच बोलला. निरोप कुणी दिला ते सांगितलं, भट्टी सांगितली, सतरा तारीख सांगितली, सपाता आणि चष्मा सांगितला. आई काय बोलली ते मात्र त्याने सांगितलं नाही. म्हातारीला यात कशाला ओढायचं, असं त्याला वाटलं. वेलिकाची सुरी मध्येच थांबली होती.

"ओरडले का?"

"सरपंच ओरडत होता. मास्तर नाही."

"काही बोलले?"

नायदेनला वाटलं, काही तरी सांगावं. तुझं नाव घेतलं म्हणावं. "मी लांब होतो," तो म्हणाला. "ऐकू आलं नाही."

तिने मान हलवली. "निरोप तू आणलास, ते मला ठाऊक होतं. दार मीच उघडलं होतं. मी आईला म्हणायचे, त्या पोराचा काय दोष, निरोप दिला आणि घरी गेला." पहिल्यांदाच ती त्याला नावाने हाक मारत होती. "पण तू घरी नाही गेलास, नायदेन. तू पाहिलंस."

"पाहिलं."

"एकोणऐंशी साली, आई जायच्या आदल्या आठवड्यात, तू आमच्या गाईला सुई द्यायला आला होतास. ती खाटेवर बाहेर बसली होती. येईल त्याला विचारायची, तसं तिने तुलाही विचारलं. 'डॉक्टर, तुम्ही गावोगाव फिरता, आमच्या माणसाची काही बातमी?' काय म्हणालास, आठवतं?"

त्याला आठवत होतं. काल घडल्यासारखं आठवत होतं. "नाही, नादेझ्दा काकू," तो म्हणाला. "असं म्हणालो."

"त्या आठ वर्षांच्या पोराला मी केव्हाच माफ केलंय. गाईला सुई देणाऱ्या त्या त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला कसं करू, ते मला कळत नाही."

तिने पुन्हा कोबी चिरायला घेतला. बस, असं ती म्हणाली नाही. तो निघाला.

बुधवारी सहकारी संस्थेच्या क्रेनने पुतळा उतरवला. वुल्को टोपी काढून शेवटपर्यंत उभा होता, आणि त्याला कुणी हसलं नाही. पुतळा पंचायतीच्या कोठारात सिमेंटच्या पोत्यांमध्ये ठेवला, तोंड भिंतीकडे करून. डॉक्टर सारखे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं, म्हणून कोठारवाल्यानेच तो फिरवला. रस्त्याला अक्रोड रस्ता हे जुनं नाव परत मिळालं. लोक अजून रादुलचाच म्हणतात.

शुक्रवारी नायदेनने इस्क्रेनला आणि दोन मजुरांना भट्टीपाशी नेऊन जागा दाखवली. दुपारपर्यंत खणल्यावर दोघांची हाडं लागली. शनिवारी शेजारच्या गावातून धर्मगुरू भट्टीपाशी आला. वेलिकाने गहू शिजवला होता. आयुष्यात पहिल्यांदा शिजवत असल्यामुळे तिला पाण्याचा अंदाज आला नाही, तो थोडा कच्चा राहिला होता. सगळं गाव तिथे आलं होतं, वुल्कोही आला होता. वेलिका मोठं पातेलं घेऊन एकेकापुढे जात होती, चमचाभर हातावर घालत होती, आणि प्रत्येक जण खाऊन म्हणत होता, "देव मानोल मास्तरांना क्षमा करो." वुल्कोने डाव्या हातावर घेतला. त्यानेही म्हटलं.

नायदेनने ओंजळ पुढे केली होती. वेलिका त्याच्यासमोर थांबली. पिशवीतून तिने एक कप काढला, तो काठोकाठ भरला, वर अक्रोडाचे दोन तुकडे ठेवले.

"हा स्ताना आजीला दे," ती म्हणाली. "तिला कुठे काही ठाऊक होतं. बिचारीनेही पोरगा असाच गमावला. मास्तरांच्या नावाने म्हणायला सांग."

मग ती पुढच्या माणसाकडे गेली. नायदेनच्या शेजारच्यांनी दुसरीकडे बघितलं.

तीन किलोमीटर तो कप दोन्ही हातांत धरून तो घरी आला. स्ताना चुलीपाशी बसली होती. तिने कप घेतला, वास घेतला, चमचा भरला आणि तोंडाजवळ नेला. मग विचारलं, "तुला दिला का?"

खाल्ला तिथेच, असं म्हणणं सोपं होतं. ते त्याच्या ओठावर आलंही. "नाही दिला," तो म्हणाला.

"का?"

"तिच्या आईला मी सांगितलं नाही म्हणून. ती विचारत असताना."

"आणि मला कसा दिला?"

नायदेनने टोपी काढून खुंटीला अडकवली.

"काय सांगितलंस तिला माझ्याबद्दल?"

"काहीच नाही. तुला ठाऊक नव्हतं, असं तिला वाटतंय. वाटू दे की, आई. खा तू."

स्तानाने चमचा खाली केला. गहू परत कपात ओतला.

"नादेझ्दा मला दर रविवारी चर्चच्या दारात भेटायची," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं. 'स्ताना, काही कळलं का' म्हणायची. मी म्हणायचे, 'नाही गं बाई.'" तिने कप त्याच्याकडे सरकवला. "हा माझा नाही. परत नेऊन दे. आणि सांग तिला, म्हातारीला सगळं ठाऊक होतं. त्यावरही द्यावासा वाटला तर तिच्याच हाताने दे म्हणावं, मी येईन तिच्या दारी."

"उद्या नेतो. दमलोय."

"आत्ता ने," स्ताना म्हणाली.

नायदेनने टोपी घातली, कप उचलला आणि तो वेलिकाच्या घराकडे निघाला.